हरकतबाई

मागच्या बाकावर आई बसलेली दिसली आणि पिशवीतून काढलेल्या दोन चकत्यांपैकी एक माझ्या बोटांतून निसटून टेबलाखाली घरंगळत गेली. डावीकडच्या परीक्षकानं वाकून ती उचलून दिली, "सावकाश, सावकाश" म्हणाला, आणि मी नुसती मान हलवली. आई इथे? आई म्हणजे घर आणि हॉस्पिटल, हॉस्पिटल आणि घर. मधला बाजार सोडला तर या शहरात चौथी जागा तिला ठाऊक नाही. आणि ती बसली होती शेवटच्या बाकाच्या टोकाला, भिंतीला चिकटून, अंगात लिफ्टवालीचा निळा कोट तसाच, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. डॉक्टर कधी आत बोलावतात याची वाट बघणारी माणसं बसतात तशी. माझी नजर पडल्यावर तिनं हसल्यासारखं केलं आणि लगेच फळ्याकडे बघायला लागली. फळ्यावर काहीही नव्हतं. मला इतका राग आला! आईबाप आले की मुलं हरखतात, हे मला माहीत आहे. सेमिनरीतल्या, पाद्री होणाऱ्या मुलांच्या आया येतात, रुमालानं डोळे टिपतात, मुलं लाजतात, सगळं कसं गोड असतं. मला आधी राग आला, मग भीती वाटली, आणि मग भीतीच्याही खालून काहीतरी वर आलं. त्याला मी त्या क्षणी नाव दिलं नाही. ती हाव होती, हे आता कळतं. आज हिला ऐकवायचंच, अशी हाव.

आमच्याकडे ईशज्ञानाच्या पदवीची शेवटची तोंडी परीक्षा उघड्या दारानं होते. जुनी रीत आहे. विद्यार्थ्यानं पिशवीत हात घालून दोन लाकडी चकत्या काढायच्या, त्यांवर सिद्धांतांचे आकडे असतात, दोनपैकी एक निवडायचा आणि उभं राहून बोलायचं. ज्याला ऐकायचंय त्यानं यावं, बसावं, आणि तोंड बंद ठेवावं. आईला हे कोणी सांगितलं असणार ते उघड होतं. बाबांना पोटात काही ठेवता येत नाही. ते सोफे शिवतात, दिवसभर तोंडात खिळे धरून बसतात, आणि संध्याकाळी तोंड रिकामं झालं की दिवसभराचं सगळं बाहेर येतं. पण दोष त्यांना देण्यात अर्थ नव्हता. आईला इथवर मीच आणली होती. गेली दोन वर्षं ती विचारत होती, "तो धडा आला का गं?" आणि मी म्हणत होते, "अजून नाही." शेवटी एकदा तिनं भाजी निवडता निवडता, मान वर न करता, फारच गरीब आवाजात विचारलं तेव्हा मी वैतागून म्हटलं होतं, "अगं, तो धडा अगदी शेवटी असतो. शेवटच्या परीक्षेला." झालं. शेवटची परीक्षा आली, तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि धडा ऐकायला येऊन बसली.

तो धडा म्हणजे थोरल्याचा धडा. थोरला म्हणजे माझा भाऊ, माझ्या आधी चार-पाच वर्षं जन्मलेला. सकाळी आला आणि दुपारच्या आत गेला. बाप्तिस्मा व्हायचा राहिला. बाबा पाद्रींना आणायला धावले, पाद्री दुसऱ्या कुणाच्या अंत्यविधीला गेले होते, तिथून त्यांना गाठून आणेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पाद्री म्हातारे होते, जुन्या वळणाचे. कबरस्तानाच्या भिंतीच्या आत घेता येणार नाही म्हणाले. भिंतीबाहेर, जिथे माळी फावडी-घमेली ठेवतो त्या खोपटापाशी, त्याला पुरलं. आईनं त्यांना विचारलं होतं, मग आता तो कुठे आहे? ते म्हणाले, "कुठे आहे ते देव जाणे, पोरी. पण वर नाही, एवढं नक्की." हे मला आईनं कधी सांगितलं नाही, बाबांनी सांगितलं, तेही एकदाच. आईनं मला सांगितली ती फक्त एक गोष्ट, पुन्हा पुन्हा, ताप आल्यावर, झोप येत नसल्यावर, मी पहिली आल्यावर, नापास झाल्यावर, कधीही: की त्याचे ओठ फार सुकले होते, आणि उशाशी पाण्याचा तांब्या होता, आणि नर्स म्हणाली एवढ्याशा बाळाला पाणी द्यायचं नसतं, म्हणून तिनं दिलं नाही. मी लहानपणी ही गोष्ट इतक्या वेळा ऐकली की मला त्या तांब्याचा कंटाळा आला. हो, कंटाळा. एखाद्या नातेवाइकाचा येतो तसा.

कारण तो मेलेला होता, पण घरात पहिला मान त्याचा. लिफ्टमध्ये बायका विचारतात, मावशी, मुलं किती? आई सांगते, दोन. थोरला काय करतो? तो बाहेरगावी असतो. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, शाळेतून परस्पर हॉस्पिटलात जाऊन तिच्या स्टुलाशेजारी उभी राहत असे तेव्हा. ती असं सांगायची आणि मी तिच्या कोटाच्या खिशात हात घालून उभी असायचे, आणि त्या बायका माझ्याकडे बघून म्हणायच्या, आणि ही धाकटी वाटतं! मी धाकटी. मी कधीच एकुलती एक नव्हते. वर्गात पहिली आले तर आई म्हणायची, "थोरला असता तर तुला शिकवायला असता." अगं पण मी त्याच्याशिवायच पहिली आले ना! असं म्हणायची सोय नव्हती. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. त्यातून तो बाळ. त्याला भूक नाही, खोड्या नाहीत, उलट उत्तर नाही, कपडे फाटणं नाही. असल्या मुलापुढे जिवंत मुलाचा कसा निभाव लागणार?

बारावीनंतर मी कॉलेजचा फॉर्म आणला तेव्हा बाबा म्हणाले, "हे शिकून करणार काय? आकाशाला शिडी लावणार?" आणि मग त्यांनाच सुचलं आणि ते स्वतःच खूप हसले, "बरंय की! आई माणसांना वर-खाली नेते, पोरगी वर-खालीचा अभ्यास करते. घराण्याचा धंदाच म्हणायचा!" आई हसली नाही. तिनं फॉर्मवरचा एकेक शब्द बोट ठेवून वाचला आणि विचारलं, "यात सगळं शिकवतात? म्हणजे... सगळं?" मी म्हटलं, सगळं. त्या दिवशी तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि तो हात कोणासाठी फिरतोय हे मला बरोबर कळलं. मी काय तिची तपासनीस होते. चौकशीला पाठवलेली. जा बाई, बघून ये, माझा मुलगा कुठे आहे.

गंमत म्हणजे मला तो अभ्यास आवडला. जीव टाकावा इतका आवडला. वर्गात सगळी सेमिनरीतली मुलं, पुढे पाद्री होणारी, आणि घरून डबा घेऊन येणारी मी एकटी. पहिले काही महिने त्यांनी मला कुणाची तरी बहीण समजून सांभाळून घेतलं. मग पुरे-फादरांचा तास सुरू झाला आणि त्यांची सांभाळून घ्यायची सोय उरली नाही. पुरे-फादर हे आम्ही ठेवलेलं नाव. त्यांची शिकवण्याची एक पद्धत होती, शेकडो वर्षांची, आणि ती त्यांनी कुणासाठी तसूभर वाकवली नाही. कुठलाही सिद्धांत मांडायचा तर आधी त्याच्या विरुद्धच्या हरकती. सगळ्या. पूर्ण जोरानं. "हरकत अशी मांडा," ते म्हणत, "की विरोधकानं येऊन तुमच्या पाया पडावं." आणि 'काही लोक असं म्हणतात' हे चालत नसे. 'आता मी हरकत मांडतो' हेही चालत नसे. ते म्हणत, चोर काय घंटा वाजवून घरात शिरतो? आपलंच मत असल्यासारखं बोलायचं, अंगात घेऊन. त्यानंतर 'पण', आणि त्या 'पण'नंतर उत्तर. कच्चा विद्यार्थी असला की ते शेवटपर्यंत ऐकून घेत, उत्तर तपासत, खोदून विचारत. पक्का असला की हरकती संपता संपताच हात वर करत आणि म्हणत, "पुरे." म्हणजे याला उत्तर येतं, ऐकायची गरज नाही. कॉलेजात याहून मोठी शाबासकी नव्हती. वर्षाकाठी एखाद्याला मिळायची. मला त्यांच्या तासाच्या दुसऱ्याच महिन्यात मिळाली, मग मिळतच गेली. मुलं मला हरकतबाई म्हणायला लागली. देव आहे की नाही इथपासून देवदूतांना भूक लागते का इथपर्यंत, कुठल्याही गोष्टीवर हरकत घ्या म्हटलं की मी उभी. मला वाटतं, मी जन्मल्यापासून हरकतच घेत होते; इथे फक्त तिला मार्क मिळायला लागले.

तो धडा दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच आला होता. बाप्तिस्म्याशिवाय मेलेली बालकं. एकाच सकाळी पुरे-फादरांनी हरकती आणि उत्तर दोन्ही उरकलं, आणि उत्तर चांगलं होतं. चर्च आता म्हातारे पाद्री म्हणाले तसं म्हणत नाही. चर्च म्हणतं की देवानं तारण बाप्तिस्म्याला जोडलं खरं, पण देव स्वतः त्या दोरीनं बांधला गेलेला नाही. अशी बाळं त्याच्या दयेवर सोपवावीत, आणि आशा धरायला जागा आहे. मी ते वहीत उतरवलं, बसनं घरी आले, आई दार उघडताना म्हणाली, "आज काय शिकवलं?" आणि मी म्हटलं, "काही नाही, नेहमीचंच." का? आधी वाटलं, नीट शिकून घ्यावं, अर्धवट सांगू नये. हे निव्वळ सोंग होतं. खरं असं की ती मला रोज काहीतरी विचारत होती. आयुष्यात पहिल्यांदा आई रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून, माझ्या तोंडाकडे बघत, मी काय बोलते याची वाट बघत होती. आज काय शिकवलं? फादर काय म्हणाले? एकदा उत्तर हातात पडलं की ती ते घेऊन आपल्या थोरल्याकडे निघून जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. जाऊ दे की उद्या, म्हणत मी रोज उद्यावर ढकललं. तिला त्रास होत होता हे दिसत होतं. खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटत होतं.

आणि आता ती शेवटच्या बाकावर बसली होती आणि माझ्या हातात दोन चकत्या होत्या. एका चकतीवर देवदूतांचा सिद्धांत. दुसरीवर बाप्तिस्म्याचा. टेबलाखाली घरंगळलेली ती दुसरीच. देव अशा वेळी थट्टा करतो की नाही, यावर पुरे-फादरांनी कधी शिकवलं नाही. देवदूतांवर मी झोपेतसुद्धा बोलले असते. आईला त्यातलं काही कळलं नसतं, ती उठून घरी गेली असती, आणि रात्रीच्या जेवणाला पुन्हा तेच, आला का गं तो धडा? मी चकती वर धरली. म्हटलं, "बाप्तिस्म्याची गरज." मधल्या खुर्चीतल्या पुरे-फादरांनी चष्मा पुसला. आई पुढे सरकली. त्या क्षणी मी मनानं फार चांगली झाले होते; आज देते हिला, असं म्हणत होते, सगळ्यांच्या देखत, तीन परीक्षकांच्या देखत, मानानं देते. घरात चुलीपाशी कुजबुजत सांगण्यापेक्षा हे कितीतरी थोर. तिनं आधी सगळं काळं ऐकावं, आणि मग 'पण' ऐकावं, आणि त्या 'पण'वर तिचं तोंड कसं उजळतं ते मी इथून, समोरून बघावं.

मी सुरुवात केली. आत जायला एकच दार आहे आणि ते पाण्याचं आहे, म्हटलं. जो त्या दारानं गेला नाही तो आत नाही, मग तो राजा असो की तान्हं बाळ. बाळानं काय पाप केलं, असं विचारणारा भाबडा आहे. बाळानं केलं काहीच नाही. मात्र वारशात घर मिळतं तशी घराची गळतीही मिळते, आणि स्वर्ग म्हणजे मजुरी नव्हे की नाही दिली तर अन्याय झाला. ते बक्षीस आहे, आणि बक्षीस न मिळणं ही शिक्षा नव्हे. माझा आवाज छान लागला होता. उजवीकडचे परीक्षक लिहायचे थांबून ऐकत होते. मोठ्या माणसाचा बाप्तिस्मा राहिला तर त्याची इच्छा तरी धरता येते, मी म्हटलं, इच्छा हाही एक बाप्तिस्माच. बाळाची कसली इच्छा? बाळाला दूध हवं असतं, देव नको असतो. बाकांवर कुणीतरी श्वास आत ओढलेला ऐकू आला. तो आईचा नव्हता, पुढच्या बाकावरच्या मुलाचा होता, मला बघायला नको होतं तरी मी बघितलं. आई अजिबात हललेली नव्हती. तोंड किंचित उघडं. मला ते आवडलं, देवाशपथ सांगते, मला त्या उघड्या तोंडाकडे बघून आणखी जोर चढला. एवढी वर्षं जो माझ्या डोक्यावर बसला होता त्याला मी एकेक पायरी खाली उतरवत होते, आणि सगळी खोली माझं ऐकत होती, आणि उत्तर तर माझ्या खिशात होतंच. मग शेवटची हरकत. ती सगळ्यात सोपी, अगदी पहिल्या वर्षाची, लहान मुलांच्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकातसुद्धा असते. देवानं हे दार इतकं सोपं ठेवलंय, मी म्हटलं, की त्यासाठी पाद्री लागत नाही. वेळ आली तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. नर्स देऊ शकते. वाटेवरचा माणूस देऊ शकतो. आई देऊ शकते. घोटभर पाणी आणि दोन वाक्यं. एवढं सोपं दार ज्यांनी उघडलं नाही त्यांनी देवाला बोल लावू नये. काखेत कळसा असताना जो गावाला वळसा घालतो त्याची तहान हा विहिरीचा दोष नाही.

सगळे हसले. तिन्ही परीक्षक हसले, मुलं हसली, पुरे-फादर तर खांदे हलवून हसले. आणि त्या हसण्यात माझ्या डोळ्यांपुढे एकदम तो तांब्या आला. उशाशी. मी तो विसरले नव्हते; मला फक्त कधी सुचलंच नव्हतं की ही दोन पाणी एकच आहेत. आमच्यासाठी ती गोष्ट इतकी प्राथमिक, इतकी साधी, की जगात कुणाला ती माहीत नसेल, आईला माहीत नसेल, बाबांना नसेल, त्या नर्सला नसेल, म्हणून एक माणूस शहरभर पाद्री शोधत पळाला असेल आणि एक बाई तांब्याशेजारी पडून राहिली असेल, हे माझ्या शिकल्यासवरल्या डोक्यात आलं नाही. मी घाईघाईनं तोंड उघडलं. "पण," मी म्हटलं. पुरे-फादरांनी हात वर केला.

"पुरे."

"फादर, उत्तर राहिलं."

"तुला उत्तर येतं, मला माहीत आहे," ते हसत म्हणाले. "पुढचा कोण आहे?"

"फादर, थोडंसंच आहे, मला सांगू द्या."

असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. 'पुरे' मिळाल्यावर लोक खाली वाकून निघून जातात. त्यांनी माझ्याकडे लाडानं बघितलं, हावरट मुलाकडे बघतात तसं, आणि माझ्या नजरेचा माग धरून मागच्या बाकाकडे बघितलं. "तुम्ही हिच्या आई का?" त्यांनी आवाज चढवून विचारलं. आई उभी राहिली. तिला वाटलं असावं उभं राहायचं असतं. "अभिमान बाळगा, बाई," पुरे-फादर म्हणाले. "इतकी वर्षं शिकवतोय, असं स्वच्छ बोलणारं कोणी ऐकलं नव्हतं. एक शब्द चुकला नाही." आईनं हात जोडले. "आपली कृपा," म्हणाली. मग पर्स काखेत मारली आणि चालायला लागली.

मी तिला फाटकाशी गाठली. ती बसच्या रांगेत शेवटी उभी होती. "छान बोललीस," ती म्हणाली. "कुठे अडखळली नाहीस." मी म्हटलं, "आई, ते उत्तर नव्हतं, अगं त्या हरकती होत्या, आमच्यात आधी उलट बाजू बोलतात." ती म्हणाली, "फादर म्हणाले ना, एक शब्द चुकला नाही." तेवढ्यात बस आली. गर्दी होती, मला बसायला मिळालं, तिला नाही; मी उठायला लागले तर तिनं खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं, "बस, दमली असशील," आणि सगळी वाट माझ्या डोक्यावरचा दांडा धरून उभी राहिली. बोलायला जावं तर मधे कुणाची पिशवी, कुणाचं कोपर. हॉस्पिटलच्या थांब्यावर ती उतरली, मीही उतरले. तिची रजा दुपारपर्यंतचीच होती.

लिफ्ट रिकामी होती. तिनं स्टूल ओढलं, बसली, आणि सवयीनं लिफ्टचं जाळीचं दार ओढून घेतलं. तळमजला सुटल्याबरोबर मी सुरुवात केली. देवानं तारण संस्काराला बांधलं, स्वतःला बांधून घेतलं नाही, मी म्हटलं. "तिथे मला हेच म्हणायचं होतं, आई, तिथे पुढे हेच येणार होतं." पहिल्या मजल्यावर दोन नर्सा आत आल्या आणि मी गप्प. कितवा? दुसरा. दुसऱ्यावर त्या उतरल्या. "चर्च त्या बाळांना देवाच्या दयेवर सोपवतं," मी म्हटलं, "म्हणजे ते म्हातारे पाद्री बोलले ते चर्च आता शिकवत नाही." तिसऱ्यावर एक म्हातारा काठी टेकत आला, त्याला तळाशी जायचं होतं. आम्ही तिघं खाली आलो. तो उतरला, वर जायला एक माणूस आत शिरला, हातात फुलं, कपाळाला घाम, त्याला नुकतंच काहीतरी झालं होतं, मुलगा किंवा मुलगी, आणि तो कुणीतरी विचारायची वाट बघत होता. आईनं विचारलं, "मुलगा का?" "मुलगी!" तो म्हणाला. "सुखरूप?" "दोघी सुखरूप!" चौथ्या मजल्यावर तो पळतच बाहेर गेला आणि आईनं जाळी ओढली.

"म्हणजे तो वर आहे," आई म्हणाली.

"आशा धरायला जागा आहे," मी म्हटलं.

"आशा म्हणजे?"

"म्हणजे... विश्वासानं आशा. खात्री नाही म्हणता येत, ती कोणालाच नसते, पण."

तिनं बटणाकडे बघत मान हलवली. "तिकडे एकदासुद्धा तुझं 'पण' ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "सगळं कसं खात्रीनं बोललीस. माझ्याशी बोलायची वेळ आली की आशा आहे. मार्कं कशावर दिली तुला, त्याच्यावर की याच्यावर?"

"त्याच्यावर, पण त्याचा अर्थ..."

"माझ्यासाठी गोड करून सांगू नकोस गं. एवढी शिकलीस."

मी रडायला लागले. रडून तिला पटेल असं वाटलं असेल मला. तिनं पर्समधून रुमाल काढून दिला, मी नाक पुसलं, लिफ्ट मधेच कुठेतरी कुरकुरत होती. मग ती अगदी साध्या आवाजात, बाजारात भाव विचारतात तशी, म्हणाली, "आईनं पाणी घातलं तरी चालतं, ते?"

मी रुमालाचं टोक बोटाला गुंडाळलं.

"ते त्या उलट बाजूचं होतं, की तुझ्या उत्तरातलं?"

काहीही म्हणता आलं असतं. उलट बाजूचं, असं म्हणता आलं असतं. तिनं कुणाला विचारलं असतं? पण मी तीन वर्षं हेच शिकले होते, जे आहे ते आहे म्हणायला, आणि त्या क्षणी माझ्या तोंडात दुसरं काही आलंच नाही. "दोन्हीकडे आहे," मी म्हटलं. "ते खरंच आहे."

"नर्सनंसुद्धा चालतं."

"हो."

"कोणीही. दोन वाक्यं."

"हो, आई."

तळमजला आला. बाहेर माणसं उभी होती, चाकाच्या खुर्चीतली एक बाई, तिच्या मांडीवर कपड्यात गुंडाळलेलं काहीतरी, मागे नवरा पिशव्या घेऊन. आई उठली, स्टूल भिंतीला सरकवलं, खुर्चीला जागा केली. "काखेत कळसा," ती म्हणाली, आणि हसली, खोलीत सगळे हसले होते तसंच, जरा उशिरा. मग तिनं माझ्या हातातला रुमाल काढून घेतला, घडी घालून खिशात टाकला आणि म्हणाली, "उतर आता. काम नसेल तर लिफ्टमध्ये थांबता येत नाही." मी उतरले. तिनं जाळी ओढली आणि खुर्चीतल्या बाईला विचारलं, "कितवा मजला?"